रात्रीची ऊस-वाहतूक आणि दिव्यांचा प्रखर झोत

गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकास आपली गाडी दिसतच असेल, असा गाडीवानाचा समज असतो. तो नेहमीच खरा ठरत नाही.

डोळा अंधारास हळूहळू सरावतो; त्यास पुरा अर्धा तासही लागतो. परंतु समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत पडताच चालकाची दृष्टी क्षणात दिपते, व ती पूर्ववत होण्यास काही सेकंद जातात. उतारवयात हा काळ वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारे १७ मीटर जाते; म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर अंतर ती जवळजवळ न पाहताच तोडते. तेवढ्यात बिनदिव्याची ट्रॉली आली तर अपघात टळणे कठीण होय.

यावर स्वस्त उपाय रिफ्लेक्टर पट्टीचा. तिच्यावर पडलेला प्रकाश आल्या दिशेनेच परततो, त्यामुळे ती दुरून चमकते. गाडीच्या मागे दोन्ही कडांना तांबड्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे गाडीची रुंदीही कळते. लोंबत्या उसाने त्या झाकू नयेत. धूळ व चिखल रोज पुसावा.

ट्रॅक्टरचालकाने समोर वाहन दिसताच झोत खाली करावा व नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. नांगरटीसाठी मागे बसविलेला पांढरा दिवा रस्त्यावर बंदच असावा. तो मागील चालकाचे डोळे दिपवितो. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर मुळीच ठेवू नये.