गुडघ्यातील कूर्चेचे पुनर्रोपण

कोरेगाव तालुक्यात आल्याची लावण, घेवड्याची खुरपणी ही कामे बहुधा उकिडवे बसूनच करावी लागतात. ह्या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडतो व उठताना शरीराचा सारा भार त्याच सांध्यावर येतो. सातारा जिल्ह्याला तालमींचीही जुनी परंपरा आहे. पाय रोवलेला असताना धड वळले, म्हणजे कुस्तीगिराच्या गुडघ्याला पीळ बसतो. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. परंतु पुढील ऑलिंपिकपूर्वीच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांच्या कुस्तीस खीळ बसली. गुडघ्याची काही दुखणी वर्षे लोटली तरी बरी का होत नाहीत, ह्याचे एक कारण कूर्चेच्या रचनेत आहे.

मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके आणि वाटीची आतील बाजू ह्यांवर पांढऱ्या, गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर भरते. तिच्या वजनाचा दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असून ते पाणी चिवट तंतूंच्या जाळ्यात धरून ठेवलेले असते. भार पेलण्याची तिची शक्ती ह्यातूनच येते. मात्र तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. हाड मोडले असता तेथे रक्त साकळते आणि त्यातूनच सांधण्याचे कार्य सुरू होते. कूर्चेस ही सोय नाही. तिच्यात मज्जातंतूही नसल्यामुळे आरंभीची इजा दुखत नाही. वेदना जाणवू लागते तेव्हा हानी पुष्कळदा पुढे गेलेली असते. विल्यम हंटर ह्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच, एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही, असे नमूद करून ठेविले होते.

ह्यावरील पहिले उपाय हाडाच्या आश्रयाने योजले गेले. ब्रिस्टलचे प्रिडी यांनी १९५९ साली उघड्या पडलेल्या हाडास छिद्रे पाडून रक्त वर आणण्याची रीत मांडली; पुढे अमेरिकेत स्टेडमन यांनी तीच कल्पना अधिक सूक्ष्म छिद्रांनी राबविली. खड्डा भरतो, परंतु भरणारे ऊतक मुख्यतः तंतुमय असते. मूळ कूर्चेइतके ते टिकाऊ नसते.

स्वीडनमधील गोथेनबर्गचे अस्थिशल्यविशारद लार्स पीटरसन यांचे कार्यक्षेत्र खेळाडूंच्या इजा हे होते. तरुण रुग्णाचा गुडघा आज वाचविला नाही, तर उद्या तो निकामी होतो, हा प्रश्न अशा व्यवसायात वारंवार समोर येणारच. न्यूयॉर्क येथे सहकाऱ्यांसह त्यांनी सशांवर प्रयोग केले. रुग्णाच्याच कूर्चापेशी शरीराबाहेर वाढवून परत रोपावयाच्या, ही त्यामागील कल्पना होय. १९८७ साली गोथेनबर्गमध्ये ही शस्त्रक्रिया मनुष्यावर प्रथम करण्यात आली. दुर्बिणीतून गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या भागातील कूर्चेचा लहानसा तुकडा काढावयाचा, प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे पेशी वाढवावयाच्या, नंतर नडगीवरील अस्थ्यावरणाची चकती खड्ड्यावर शिवून तिच्याखाली त्या सोडावयाच्या, असा तिचा क्रम होता.

ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी १९९४ साली २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ रुग्णांत परिणाम चांगले वा उत्तम आढळले. वाटीवरील ७ पैकी अवघ्या २ रुग्णांत. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका आहे. वाटी आपल्या खोबणीतून नीट सरकत नसेल, तर नव्या पेशींवर पूर्वीचेच घर्षण चालू राहते. तो दोष आधी वा त्याच वेळी दूर करावा लागतो, हे पुढे ध्यानात आले. शिवाय त्या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नॉर्वेमध्ये ८० रुग्णांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, दोन वर्षांअखेर ही पद्धती सूक्ष्म छिद्रांच्या पद्धतीहून सरस ठरली नाही. तेव्हा आरंभीच्या उत्साहास आवर घालणे योग्यच होय. पुढे अस्थ्यावरणाऐवजी कोलॅजेनचा पडदा आला, आणि २०१७ साली भारतातही स्वतःच्या कूर्चापेशींवर आधारलेल्या उपचारास औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली.

वयपरत्वे सर्व बाजूंनी झिजलेल्या गुडघ्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. खड्ड्याभोवती निरोगी कूर्चेची कड असावी लागते. अशा रुग्णांसाठी सांधा बदलणे हाच मार्ग उरतो. १९६५ साली पुण्यात रुग्णालय स्थापन करणारे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून कृत्रिम गुडघ्याची रचना केली, ती ह्याच गरजेपोटी. कोरेगावच्या शिवारात आयुष्यभर खुरपणी केलेल्या साठीच्या बाईचे दुखणे बहुधा ह्या दुसऱ्या वर्गात मोडते. तालमीत गुडघा पिरगळलेल्या विशीच्या मुलाचे पहिल्यात मोडू शकते. मात्र त्यालाही रोपणानंतर सुमारे सहा आठवडे कुबड्यांवर राहावे लागते, आणि आखाड्यात उतरण्यास वर्षभर वा त्याहून अधिक काळ थांबावे लागते. घरची शेती एकट्यावर असेल, तर तो आल्याचा एक संपूर्ण हंगाम होतो.