क्रोशाची टोपी: सुईबरोबर हिशेबही शिका

रमजान आला की बाजारात टोप्यांचे ढीग लागतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्यातल्या बऱ्याच टोप्या मशीनवरच्या असतात. पण हाताने विणलेली टोपी अजूनही वेगळी ओळखू येते. दाऊदी बोहरा घरांत पांढरी-सोनेरी टोपी बायका आजही हाताने विणतात. मग आपल्या घरी का नको? या विचाराने गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही मोहल्ल्यातल्या मुली आणि त्यांच्या अम्मींना घेऊन दुपारी क्रोशा घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

सामान

२० नंबरचा सुती दोरा, १.२५ मिमीची सुई, मोजपट्टी आणि कात्री एवढंच लागतं. हात अगदी नवखा असेल तर आधी जाड लोकर आणि ४ मिमीची सुई घेऊन एक गोल विणून बघा. टाके स्पष्ट दिसतात, चुकलं तर उसवणंही सोपं.

गोल सपाट कसा राहतो?

टोपी मधल्या गोलापासून सुरू होते. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. दर फेरीला १२ वाढतात. मुके खांब घेतले तर ६ पासून सुरुवात आणि दर फेरीला ६ ची वाढ.

हे आकडे आले कुठून? वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सुमारे सव्वासहा पट असतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून एक फेरी चढली की घेरात ६ टाके वाढायला हवेत. साधा खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून १२. वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडते, कमी झाली तर वाटी होते. आमच्याकडे पहिला आठवडा झालरींचाच गेला! पण भूमिती म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्या मुलीच पुढे एकमेकींच्या चुका शोधायला लागल्या.

मापाची टोपी

डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर त्याला ३.१४ ने भागा, सुमारे १७.८ येतील. दोरा थोडा ताणतो, म्हणून गोल १७ सेंमीचा झाला की वाढ थांबवा. पुढे सरळ फेऱ्या विणल्या की कड आपोआप खाली वळते. ७ ते ८ सेंमी उंची पुरते. टोपी धुवा, पातळ खळ द्या आणि त्याच मापाच्या डब्यावर चढवून वाळवा. आकार छान बसतो.

क्लास लावण्याआधी

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. दोरा फीमध्ये येतो का? मापावरून विणायला शिकवतात की फक्त नमुना उतरवून घेतात? आणि सरावात विणलेली वस्तू कुणाची? काही ठिकाणी ती ठेवून घेऊन विकली जाते, हे आम्ही पाहिलंय. जिल्ह्यात जन शिक्षण संस्थान असेल तर तिथेही चौकशी करा. १५ ते ४५ वयोगटातल्या, शाळा सुटलेल्या किंवा कमी शिकलेल्या लोकांना हुन्नर शिकवणं हेच तिचं काम आहे.

वेळ लिहून ठेवा

आम्ही प्रत्येकीला वहीत तास लिहायला लावले. सवय झाल्यावरही एका टोपीला ८ तास लागत होते. एका दुकानदाराने दोरा स्वतः देऊन टोपीमागे ८० रुपये देऊ केले. ऐकायला बरं वाटलं. मग एका खालांनी वही उघडून भागाकार केला: तासाला १० रुपये. "एवढ्यात तर मी भांडीसुद्धा घासणार नाही," असं म्हणून त्यांनी सरळ नकार दिला.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मेहनताना द्यावा, ही आपल्या दीनची शिकवण. घरात बसून विणणारी बाईसुद्धा मजूरच आहे. तासाचे ५० रुपये धरले तरी मजुरीच ४०० होते, दोऱ्याचा खर्च वेगळा. मशीनच्या टोपीशी किमतीत आपण जिंकणार नाही. म्हणून ढिगाने विणू नका. मापाची, मागणीप्रमाणे, ओळखीच्या घरांसाठी विणा. आणि पहिली टोपी विकूच नका, आपल्या घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर ईदला दिसू द्या.