मातीची परीक्षा

हडपसरला एके काळी भाजीचे मळे होते. आता तिथं इमारती आहेत, तरी पाया खणताना निघालेले काळ्या मातीचे ढीग कुठं कुठं दिसतात. नातीला भातुकलीची बोळकी हवी होती, म्हणून अशाच एका ढिगातून विचारून घमेलंभर माती आणली. चार बोळकी केली, सावलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चारही तडकलेली! नात काही बोलली नाही. तुकडे मात्र तिनं डब्यात जपून ठेवले.

तो डबा घेऊन मी जवळच्या केशवनगरच्या कुंभारवाड्यात गेलो. एका वृद्ध कारागिरानं तुकडा चुरगाळला आणि हसून म्हटलं, ‘‘ही माती पिकाची. फार पाणी पिते.’’ शास्त्रही हेच सांगतं. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाण्यानं फुगतं, वाळताना आकसतं. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्या यामुळेच. म्हणून कुंभार नदी-तळ्याचा गाळ निवडतो, गरजेप्रमाणे दुसरी माती मिसळतो. राख, वाळू, घोड्याची लीद घालतो. लिदीतले तंतू वाळताना माती धरून ठेवतात. भट्टीत ते जळतात आणि बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी गार होतं ते अशा छिद्रांतून पाझरून वाऱ्यानं उडून जातं म्हणून.

घरी करून पाहायचं असेल, तर आधी ढेकळं कडकडीत वाळवा. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच राहतं, पूर्ण वाळलेलं मात्र आपोआप विरघळतं. दोन दिवस भिजवून माती ढवळा. खडे तळाशी बसले, की वरचं दाट पाणी फडक्यातून गाळा. ते निवळल्यावर वरचं पाणी काढा आणि गाळ कापडावर पसरून कणकेइतका घट्ट होऊ द्या. मग भरपूर मळा, कारण आत हवा राहता कामा नये. ओल्या गोणपाटात आठ-पंधरा दिवस मुरली, तर माती आणखी लवचीक होते.

आता परीक्षा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. ती तुटली तर माती हलकी, चिकणपणा कमी. मग एक चपटी वडी थापून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर रेघ ९.२ भरली, तर माती ८ टक्के आकसली; एवढं चालतं. बारा-पंधरा टक्के आकसली, तर बारीक वाळू किंवा चाळलेली राख थोडी थोडी मिसळून पुन्हा वडी थापा. तिसरी परीक्षा चुनखडीची. वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर सावध! चुन्याचा खडा भट्टीत भाजतो, पुढं हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो.

शेवटची परीक्षा भट्टीनंतरची. सुमारे ६०० अंशांपलीकडे भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तरी भांडं नीट भाजलं का, हे बोटानं टिचकी मारूनच कळतं. खणखणलं तर पक्कं. बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडा गेलेलं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुराणातही माणूस खणखणणाऱ्या मातीपासून घडवल्याचं सांगितलं आहे. दोन्हीकडं खूण एकच, आवाजाची.

तिसऱ्या खेपेला मी गाळाची माती घेतली, राख मिसळली आणि सहा बोळकी केली. त्या कारागिरानं ती आपल्या भट्टीत कडेला ठेवली. चार टिकली. नातीनं एकेकाला टिचकी मारून पाहिली आणि मगच भातुकली मांडली. फुटक्या तुकड्यांचा डबा मात्र तिनं अजून टाकलेला नाही. मीही टाकू दिलेला नाही. खरा धडा त्यात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)