मिरजेचे नाट्यमंदिर

पाटणावरून येणारी कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेच्या खोऱ्यात, पटवर्धनांच्या संस्थानी मिरजेत, मराठी रंगभूमीस चिरस्मरणीय ठरलेले हंसप्रभा थिएटर उभे होते. शाहू महाराजांनी ज्यांच्या कानाच्या दुखण्यावर याच गावी डॉ. वानलेस यांच्याकडून उपचार करविले, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या वेषात येथेच प्रथम रसिकांसमोर आले. आज त्या जागी त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आहे. सरकारी दप्तरी अशी वास्तू केवळ एक मिळकत असते. परंतु जिथे एका युगाच्या गायनाचा आरंभ झाला, त्या स्थानाची निगा राखणे हे समस्त नागरिकांचे कर्तव्य होय.