बांधले किती, उपयोगी पडले किती?

इ. स. २००८ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस दक्षिण अफगाणिस्तानातील कंदाहारहून एक विलक्षण तांडा निघाला. सुमारे शंभर वाहने, पुढेमागे रणगाडे, डोक्यावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरे, आणि मधोमध अवजड गाड्यांवर एका जलविद्युत् टर्बाइनचे सुटे भाग. वजन सुमारे २२० टन. हे ओझे न्यावयाचे होते हेलमंद नदीवरील कजाकी धरणावर. वाट अंतराने फार लांब नव्हती. पण पेरलेले सुरुंग आणि दबा धरून बसलेले तालिबानी बंदूकधारी यांमुळे ती युद्धभूमीच झाली होती. ब्रिटिश सैन्याच्या पुढाकाराने हजारो सैनिकांनी ही वाट काही दिवसांपुरती मोकळी केली, आणि सप्टेंबरच्या प्रारंभी टर्बाइन धरणावर सुखरूप पोहोचले. त्या कामगिरीची वाखाणणी जगभरच्या वृत्तपत्रांनी केली, आणि ती रास्तच होती.

परंतु टर्बाइन बसवायचे म्हणजे त्याला पाया हवा, पायाला सिमेंट हवे, आणि शेकडो टन सिमेंट त्याच वाटेने पुन्हा आणायचे कसे? सैन्य पुढे गेले, वाट पुन्हा बंद झाली. यंत्राचे भाग धरणाच्या काठी तसेच पडून राहिले. ते टर्बाइन बसून त्यातून वीज वाहू लागली ती २०१६ साली, म्हणजे आठ वर्षांनी.

आता कल्पना करावी की २००८ च्या वर्षअखेरीस एखादा कारकून कामाच्या प्रगतीचा तक्ता भरीत आहे. “टर्बाइन पोहोचले काय?” या प्रश्नापुढे तो “होय” असे लिहील. त्यात तिळमात्र असत्य नाही. तरीही हेलमंदच्या काठच्या ज्या घरांत त्या विजेचा दिवा लागायचा होता, तेथे आठ वर्षे अंधारच होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात रस्ते, धरणे, शाळा आणि दवाखाने पुन्हा उभे करण्याच्या कामाची तपासणी इतकी अवघड का होते, हे त्या एका “होय”मध्ये साठवलेले आहे.

या तपासणीची दोन अंगे आहेत आणि ती पुष्कळदा एकमेकांत मिसळली जातात. पहिले अंग देखरेखीचे. आपल्याकडील बांधकाम खात्याचा ओव्हरसियर हातात टेप घेऊन कामावर जातो, भिंतीची जाडी मोजतो, खडीचा ढीग मोजतो, मोजमापवहीत नोंद करतो, आणि मगच कंत्राटदाराचे बिल निघते. काम चालू असताना ते ठरल्याप्रमाणे चालले आहे की नाही हे पाहणे, ही देखरेख. दुसरे अंग मूल्यमापनाचे. काम संपल्यावर, आणि खरे म्हणजे संपून दोन-चार वर्षे लोटल्यावर, त्याने कोणाचे काय भले झाले हे शोधून काढणे म्हणजे मूल्यमापन. पुलाचे मोजमाप टेपने होते. पण पुलामुळे गावातली आजारी बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागली की नाही, हे टेप सांगू शकत नाही. शांततेच्या काळातही ही दुसरी चौकशी क्वचितच होते. युद्धाच्या मुलखात तर पहिलीचीही मारामार असते.

२००१ साली तालिबानांची पहिली राजवट कोसळल्यावर अफगाणिस्तानच्या पुनर्रचनेसाठी एकट्या अमेरिकेने पुढील वीस वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोप सावरण्यासाठी जी मार्शल योजना आखली गेली, तिचा खर्च आजच्या किमतींत धरला तरी हा आकडा त्याहून मोठा ठरतो. (त्यातला मोठा वाटा अफगाण सैन्य व पोलीस उभारण्यात गेला, हेही ध्यानात ठेवावे.) या पैशांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने २००८ साली विशेष महानिरीक्षकाचे एक स्वतंत्र कार्यालय निर्माण केले. पैसा ओतण्यास आरंभ होऊन तोवर सहा वर्षे उलटली होती. हिशेबनीस असा उशिराच बोलावला जातो.

या कार्यालयाने प्रसिद्ध केलेले अहवाल वाचताना कधी हसू येते, कधी संताप येतो. वर्दक प्रांतात पोलिसांच्या सरावासाठी २०१२ साली सुमारे ४ लाख ५७ हजार डॉलर खर्चून एक इमारतसमूह बांधण्यात आला. चार महिन्यांच्या आत त्याच्या भिंती पावसात विरघळू लागल्या. विटांत माती कमी आणि वाळूच अधिक होती. काम ताब्यात घेताना कोणी एक वीट बादलीभर पाण्यात टाकून पाहिली असती तरी पुरते. पण कागदावर काम पुरे झाले होते आणि पैसे चुकते झाले होते.

दुसरे उदाहरण दवाखान्यांचे. अमेरिकन मदतीवर चालणाऱ्या सहाशेहून अधिक दवाखान्यांची अक्षांश-रेखांशासह यादी महानिरीक्षकांनी २०१५ साली नकाशावर ताडून पाहिली. सुमारे शेकडा ८० दवाखान्यांच्या जागांत काही ना काही घोटाळा निघाला. काही बिंदू पाकिस्तानात पडत होते, काही ताजिकिस्तानात, आणि एक तर थेट भूमध्य समुद्रात! जवळपास दोनशे बिंदूंच्या आसपास कसलीही इमारत दिसत नव्हती. नकाशावरचा बिंदू चुकला म्हणून दवाखाना नाहीच असे होत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. स्थानिक माणसाला आपला दवाखाना अक्षांश-रेखांशावाचून सापडतो. परंतु ज्या अधिकाऱ्याला दवाखान्याची जागाच ठाऊक नाही, तो तिथे कधी गेला असेल काय, हा प्रश्न उरतोच.

या दोन्ही गोष्टींत निदान जीव गेले नाहीत. तिसरी तशी नाही. रस्त्याखालच्या मोऱ्यांत स्फोटके दडवून लष्करी गाड्या उडवण्याची रीत तेथे सर्रास होती. म्हणून मोऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवण्याचे कंत्राट देण्यात आले. गझनी प्रांतात अशा अनेक जाळ्या बसवल्याच गेल्या नव्हत्या, वा बसवल्या त्या कुचकामी होत्या. बिले मात्र चुकती झाली होती. बसवल्या न गेलेल्या जाळ्यांच्या ठिकाणी झालेल्या स्फोटांत सैनिक मेल्याचा संशय आला आणि चौकशी सुरू झाली. वहीत लिहिलेली जाळी आणि मोरीला बसवलेली जाळी यांतील अंतर तेथे माणसांच्या प्राणांनी मोजले गेले.

तपासनीस जागेवर जात का नव्हते? आळस किंवा भ्रष्टाचार एवढेच उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. खरे कारण अधिक साधे आणि अधिक दुर्लंघ्य होते. अमेरिकन मुलकी अधिकाऱ्याला छावणीबाहेर जायचे तर सशस्त्र पहारा लागे. आणि तो जखमी झालाच तर तासाभरात हेलिकॉप्टरने जाऊन-येऊन त्याला सुसज्ज रुग्णालयात आणता येईल, एवढ्याच परिघात जाण्याची मुभा असे. सैन्य माघारी जाऊ लागले तसतसा हा परीघ आक्रसू लागला. २०१४ च्या अखेरीस देशाचा जेमतेम शेकडा २१ भाग तपासणीसाठी खुला राहील, असा अंदाज महानिरीक्षकांनी २०१३ सालीच वर्तवला होता. जेथे धोका अधिक तेथे गैरव्यवहारास वाव अधिक, आणि नेमके तेथेच तपासनीसाचे पाऊल पडू शकत नाही. त्यातून अधिकाऱ्यांच्या नेमणुका बहुधा वर्षभराच्याच. काम समजू लागते न लागते तोच परतीचे विमान. नव्या माणसाने पुन्हा श्रीगणेशापासून आरंभ करावा. वरून रेटा असे तो मंजूर रक्कम वर्षअखेरीपूर्वी खर्च करण्याचा. आणि मोजायला सर्वांत सोपी गोष्टही तीच, खर्च झालेला पैसा. हळूहळू खर्च हेच यश ठरू लागले.

पण जेथे काम चोख झाले, तेथे तरी सारे ठीक होते काय? काबूलजवळच्या तराखिल येथील वीजकेंद्राचा दाखला येथे फार उद्बोधक आहे. १०५ मेगावॉट शक्तीचे हे केंद्र ३३ कोटी ५० लाख डॉलर खर्चून उभारले गेले. ते विरघळले नाही, कोसळलेही नाही. यंत्रे जागेवर होती. परंतु ते डिझेलवर चालणारे होते, आणि अफगाणिस्तानसारख्या देशाला डिझेल जाळून वीज करणे परवडत नाही. तोवर उझबेकिस्तानातून पुष्कळ स्वस्त वीज काबूलला येऊ लागली होती. (ही वीज ज्या तारांवरून येई, त्यांतील पुल-ए-खुमरी ते काबूल हा सुमारे २०० किलोमीटरचा टप्पा भारतीय अभियंत्यांनी हिंदुकुशाच्या बर्फात मनोरे उभे करून पुरा केला होता.) परिणामी २०१४-१५ च्या सुमारास तराखिलचे केंद्र आपल्या शक्तीच्या शेकडा १ हूनही कमी वीज निर्माण करीत होते. देखरेख करणारा येथे पूर्ण गुण देईल. चूक बांधण्यात नव्हती, काय बांधायचे हे ठरवण्यात होती. आणि असली चूक टेप लावून सापडत नाही.

मग उपाय कोणते? उपग्रहाच्या छायाचित्रांतून शाळेचे छप्पर दिसते, पण आत फळा आहे की नाही हे दिसत नाही. तिऱ्हाईत संस्थेला पैसे देऊन तपासनीस नेमण्याची प्रथा पडली. ती उपयुक्त खरी, पण त्या तपासनीसावर तपासनीस कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो. यांहून अधिक आशादायक ठरला तो गावकऱ्यांचाच मार्ग. ‘इंटेग्रिटी वॉच अफगाणिस्तान’ या संस्थेने गावोगावच्या लोकांना आपल्यातूनच एखाद-दोन विश्वासू माणसे निवडावयास सांगितले, त्यांना बांधकामाची प्राथमिक पारख शिकवली, आणि कामावर नियमित फेरी मारण्यास लावले. बाहेरचा अभियंता महिन्यातून एकदा, तोही पहाऱ्यात येणार. या माणसाचे घर त्या शाळेच्या शेजारीच असते आणि त्याचे मूल त्याच छपराखाली बसणार असते. अर्थात या उपायालाही मर्यादा आहेत. कंत्राटदार जर स्थानिक बंदूकबहाद्दराचा मेहुणा असेल, तर वाईट विटांविषयी बोलणाऱ्याला त्याच गावात रात्र काढायची असते. या धैर्याची किंमत कोणत्याही तक्त्यात धरलेली नसते.

मूल्यमापनाचा एक प्रयत्न मात्र मुद्दाम सांगण्याजोगा आहे. २००३ साली अफगाण सरकारने जागतिक बँक व इतर देणगीदारांच्या साहाय्याने ‘राष्ट्रीय ऐक्य कार्यक्रम’ सुरू केला. गावाने आपले मंडळ निवडावे, त्यात स्त्रियाही असाव्यात. कुटुंबामागे २०० डॉलर, परंतु गावास फार तर ६० हजार डॉलर अनुदान मिळेल. त्यातून विहीर खणावी, छोटे वीजयंत्र बसवावे, पाट बांधावा की रस्ता करावा, हे गावानेच ठरवावे. या कार्यक्रमाची परीक्षा घेण्यासाठी संशोधकांनी दहा जिल्ह्यांतील ५०० गावे घेतली, आणि सोडत काढून त्यांतील निम्म्या गावांना आधी लाभ दिला, निम्म्यांना थांबवले. २००७ ते २०११ या काळात वारंवार जाऊन दोन्ही गटांतील हजारो स्त्री-पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले. थांबवलेल्या गावांवर हा अन्याय नव्हे काय? पैसा सर्वांना एकाच वेळी पुरणारा नव्हताच. मग वशिल्यापेक्षा सोडत बरी.

निष्कर्ष सरळसोट नव्हते, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटतात. पिण्याचे पाणी आणि वीज यांत लाभार्थी गावांची स्थिती खरोखर सुधारली. पाट आणि रस्ते यांच्या बाबतीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. काम चालू असताना सरकारविषयीचे लोकांचे मत चांगले झाले. काम संपल्यावर तो सद्भाव बहुतांशी ओसरला. रस्ता बांधला की जनता आपल्या बाजूस येते, या समजुतीवर कोट्यवधी डॉलर खर्च झाले होते. ती समजूत तपासून पाहण्याचे कष्ट इतक्या काटेकोरपणे पूर्वी फारसे कोणी घेतले नव्हते.

मार्च २०२१ मध्ये महानिरीक्षकांनी आपल्या जुन्या अहवालांतील ७ अब्ज ८० कोटी डॉलर किमतीच्या इमारती, रस्ते, वाहने व विमाने यांचा एकत्र आढावा घेतला. त्यांपैकी १ अब्ज २० कोटींहून थोड्या अधिक किमतीच्या वस्तू मूळ हेतूप्रमाणे वापरात होत्या. चांगल्या स्थितीत राखलेल्या वस्तूंची किंमत केवळ ३४ कोटी ३२ लाख भरली. २ अब्ज ४० कोटींच्या वस्तू न वापरलेल्या, टाकून दिलेल्या, भलत्याच कामी लावलेल्या, मोडकळीस आलेल्या किंवा नष्ट झालेल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च पुढे कोण करणार, याचा विचार बांधतानाच झाला नव्हता. भारताने हेरात प्रांतात हरी रूद नदीवर बांधून दिलेल्या सलमा धरणाचे उद्घाटन जून २०१६ मध्ये झाले. ४२ मेगावॉट वीज आणि ७५ हजार हेक्टरांना पाणी, हे त्याचे योजलेले आकडे भारतीय वृत्तपत्रांत तेव्हा ठळकपणे छापून आले. हे आकडे आराखड्यातले आहेत. शेवटच्या शेतापर्यंत पाणी गेले की नाही हे कोणी पाटाच्या कडेने चालत जाऊनच सांगू शकेल, आणि आपण दिलेल्या देणगीविषयी हे विचारण्याचा हक्क भारतीय वाचकालाही आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानांच्या हाती गेले. लढाई थांबल्यामुळे, पूर्वी जेथे पाऊल ठेवता येत नव्हते अशा कित्येक खेड्यांच्या वाटा तपासनिसांना खुल्या झाल्या. परंतु २४ डिसेंबर २०२२ रोजी नव्या राज्यकर्त्यांनी स्वयंसेवी संस्थांत काम करण्यास स्त्रियांना बंदी केली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या अफगाण स्त्री-कर्मचाऱ्यांनाही लागू केली. आता गावात नळ बसला आहे काय, हे पुरुष तपासनीस पाहू शकतो. त्याला पाणी किती वेळ येते, ते खारे लागते काय, जुन्या विहिरीची खेप खरोखर वाचली काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्या घरातल्या बायका परक्या पुरुषापुढे येत नाहीत. आणि त्यांच्याशी जाऊन बोलणारी बाई तपासनिसांच्या पथकात राहिलेली नाही.