एअर फ्रायर घ्यावा का? आधी घरातल्या तेलाचा हिशेब मांडा!

मार्चमध्ये बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं आणि उठता उठता म्हणाले, "तळलेलं जरा कमी करा." त्याच रात्री मी मोबाईलवर एअर फ्रायर शोधायला बसले. पगारातून बाजूला टाकलेले पैसे होतेच. पण आई म्हणाली, "घे की, पण आधी आपण तळतो किती ते तरी बघू."

आम्ही रायपूरचे मराठी. आमच्या स्वयंपाकघरात अळूवडी आणि साबुदाणा वडा जितका होतो, तितकीच ठेठरी-खुरमीही होते. विदर्भातला पोळा आणि छत्तीसगढचा पोरा एकाच दिवशी येतो, म्हणून त्या दिवशी कढई उतरतच नाही. त्यामुळे आईचं म्हणणं पटलं. फ्रीजवर एक वही ठेवली आणि पंधरा दिवस तेलाचा हिशेब लिहिला.

वहीत काय निघालं?

चार माणसांच्या घरात पंधरा दिवसांत दोन लिटर तेल संपलं. म्हणजे माणशी रोज साधारण साडेसहा लहान चमचे. बैठं काम करणाऱ्याला चार-पाच चमचे पुरेत असं आहारतज्ज्ञ सांगतात. त्या पंधरा दिवसांत कढई सहा वेळा चढली. दोनदा पुऱ्या, दोनदा भजी, एकदा साबुदाणा वडा आणि एकदा अळूवडी. तळणात संपलेलं तेल मोजलं तर जेमतेम अर्धा लिटर. उरलेलं दीड लिटर गेलं कुठे? फोडणीत, रस्सा-भाजीत आणि पोळ्यांना लावण्यात!

याचा अर्थ सरळ होता. एअर फ्रायर आणला असता तरी तीन चतुर्थांश तेल जिथल्या तिथेच राहिलं असतं. तुम्हीही पैसे खर्च करण्याआधी हा हिशेब नक्की करून बघा.

हे यंत्र नेमकं करतं काय?

नावात 'फ्रायर' असला तरी तो तळत नाही, भाजतो. वर तापणारी कॉइल आणि तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा असतो. गरम हवा छोट्या टोपलीत पदार्थाभोवती वेगाने फिरते, वरचं पाणी उडून जातं आणि पदार्थ कुरकुरीत होतो. फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो जगासमोर आणला. तत्त्व मात्र पंखा असलेल्या ओव्हनचंच आहे. तुमच्या मायक्रोवेव्हला 'कन्व्हेक्शन' सोय असेल किंवा ओटीजीत पंखा असेल, तर बरंचसं काम त्यातही होतं. थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

तेल पदार्थाला चहूबाजूंनी एकदम उष्णता देतं. हवा तितकी चटकन देऊ शकत नाही. काय जमेल आणि काय नाही, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

आठवडाभराची परीक्षा

मावशीकडचा एअर फ्रायर आठ दिवसांसाठी मागून आणला.

*छान जमलं:* वाफवलेली अळूवडी, कोथिंबीर वडी, वांग्याचे आणि सुरणाचे काप, पनीर, मखाणे, शेंगदाणे. अळूवडीला वरून एक चमचा तेलाचा हात लावला, 180 अंशांवर बारा मिनिटं ठेवली आणि मध्ये एकदा उलटली. बाबांनी ती मागून खाल्ली.

*बरं जमलं:* साबुदाणा वडा. बाहेरून कुरकुरीत, आतून जरा कोरडा. ठेठरीचंही तसंच झालं. खाता येते, पण तिची खुसखुशीत चव येत नाही. आजी म्हणाली, "ही ठेठरी नाही, तिची चुलत बहीण आहे."

*फसलं:* कांदा भजी आणि पुरी. भज्यांचं पीठ घट्ट व्हायच्या आत जाळीतून खाली गळलं. पुरी फुगलीच नाही, तिचा पापड झाला. आणि खरा पापड ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटला. हलके पदार्थ किंवा सुटा बटर पेपर असा ठेवू नका, जळण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाहेरचा समोसा त्यात गरम केला तर कुरकुरीत होतो, पण आत शिरलेलं तेल कमी होत नाही. पाकिटातले फ्रोझन फ्राईजही बहुतेक वेळा आधीच थोडे तळलेले असतात. आणि बटाटा कुठेही फार तपकिरी होईपर्यंत भाजला, तर त्यात ॲक्रिलामाइड नावाचा नको असलेला घटक वाढतो. म्हणून फोडी अर्धा तास पाण्यात भिजवा, कोरड्या पुसा आणि सोनेरी होताच काढा.

वीज, प्लग आणि माप

बहुतेक एअर फ्रायर 1400 ते 1500 वॉटचे असतात. वीस मिनिटं चालला तर फार तर अर्धा युनिट. तुमच्या बिलावरचा दर बघून खर्च काढता येईल. त्यापेक्षा महत्त्वाचा आहे प्लग. एवढ्या वॉटला साडेसहा ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणून मिक्सरचा 6 ॲम्पिअरचा पॉइंट चालत नाही. 16 ॲम्पिअरचाच हवा. आमच्या ओट्यावर तो नव्हता.

माप घेताना लिटरवर जाऊ नका. पदार्थ एका थरात ठेवावे लागतात. चार लिटरच्या टोपलीत एका वेळी आठ-दहा वड्या बसल्या, म्हणजे चौघांसाठी दोनदा लावावं लागतं. टोपलीवर लेप असतो, त्यामुळे धातूचा चिमटा आणि तारेची घासणी वापरू नका.

कोणी घ्यावा, कोणी नाही?

तुमच्याकडे आठवड्यातून तीन-चारदा वड्या, काप, टिक्की, पनीर होत असेल, किंवा एकटं-दुकटं राहत असाल, तर तो उपयोगी आहे. घरात पुरी-भजीच जास्त होत असेल, माणसं सहा-आठ असतील किंवा चांगला ओव्हन आधीच असेल, तर पैसे वाचवा. आणि तेल कमी करायला यंत्रच लागतं असंही नाही. आप्पेपात्र आहे. छत्तीसगढची बफौरी तर आहेच! भिजवलेली हरभरा डाळ भरड वाटायची, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून गोळे वाफवायचे. तेल लागलंच तर वरच्या फोडणीपुरतं.

मग आम्ही काय केलं?

तेलासाठी एक पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा आणला. फोडणी आता त्यानेच होते आणि दर महिन्याचं तेल सकाळीच एका बरणीत काढून ठेवलं जातं. बाबांसाठी खरा फरक याच चमच्याने पडेल असं आम्हाला वाटतं. पुढची तपासणी अजून व्हायची आहे, गोळी आणि चालणं सुरूच आहे.

तरीही एअर फ्रायर आम्ही घेतला, पण वेगळ्या कारणाने. मशीन परत करायच्या दिवशी आई म्हणाली, "तेलाचं राहू दे गं. पण या आठ दिवसांत मी वड्या लावून कूलरपुढे जाऊन बसले." तेव्हा मे महिना होता. रायपूरचं ऊन चव्वेचाळीसवर गेलं होतं. इतकी वर्षं तिने त्या उन्हाळ्यात कढईपुढे उभं राहून आम्हाला गरम गरम वाढलं आणि तेलाचे चमचे मोजणाऱ्या आमच्या वहीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी 16 ॲम्पिअरचा पॉइंट बसवून घेतला. पुऱ्या मात्र अजूनही कढईतच होतात, सणासुदीला, मोजून दोन-दोन.