काशीद-फणसाडला जाताय? मग रोह्यात थांबा. भर उन्हाळ्यात वाहणारी कुंडलिका येते कुठून ते बघा

रोहा : शनिवार-रविवार आला की काशीद, मुरूड आणि फणसाड अभयारण्याकडे मुंबई-पुण्याच्या गाड्या सुटतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या नागोठण्याहून नाहीतर कोलाडहून आत वळून रोह्यातून जातात. नागोठण्याकडून येणारी गाडी अष्टमीच्या पुलावर जरा हळू होते, कोणीतरी काचेतून नदीचा फोटो काढतो आणि गाडी पुढे निघते. चहाला थांबलेले लोक विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे हो? आहे. पहिली ती नदीच बघावी. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे गोटे उघडे पडतात, जनावरांना पाणी पाजायला डबकं शोधावं लागतं. कुंडलिका मात्र तेव्हाही वाहत असते. आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यातलं हे पाणी कोकणात पडलेलंच नसतं.

हे पाणी घाटावरचं

पुणे जिल्ह्यातली मुळा नदी आपल्या वाटेने गेली तर भीमेला, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधून ते पाणी उलट, म्हणजे पश्चिमेकडे वळवलं. सह्याद्रीच्या पोटातून आणि मोठ्या पाइपांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणलं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवली. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज मुंबईला जाते आणि काम झालेलं पाणी खाली मोकळं होतं. पुढे रवाळजेला ते पुन्हा अडवून आणखी एकदा वीज काढली जाते आणि मग ते कुंडलिकेत येतं. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली आणि सगळ्या देशाच्या बातम्यांत भिरा आलं. त्या उन्हातही खालची नदी वाहत होती, ती या पाण्यामुळे.

या पाण्याची दुसरी बाजू बघणाऱ्याला दिसत नाही. मुळशीच्या धरणात पन्नासच्या वर गावं बाधित झाली. एप्रिल १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्याचे पुढारी होते. 'सेनापती' हे नाव त्यांना मुळशीनेच दिलं. धरणाविरुद्धचा हा देशातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक. तीनेक वर्षं तो चालला, लोक तुरुंगात गेले, पण धरण झालंच. घाटावरच्या शेतकऱ्याची भातखाचरं बुडाली आणि घाटाखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी भात मिळाला. हा हिशेब आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही, पण राफ्टमध्ये बसताना निदान माहीत असावा.

सकाळचं पाणी

कोलाडचं रिव्हर राफ्टिंग आता सगळ्यांना माहीत झालंय. साजे गावाच्या बाजूने राफ्ट सुटतात आणि साधारण बारा किलोमीटर खाली येतात. हे सगळं चालतं ते रवाळजेतून पाणी सुटतं म्हणून. बहुतेक वेळा ते सकाळी सुटतं, त्यामुळे राफ्टिंगही सकाळचंच. विजेची मागणी, यंत्रांची दुरुस्ती, धरणातला साठा, या सगळ्यावर ते ठरतं. दुपारी दोनला येऊन राफ्ट मागणारे लोक असतात, त्यांना नदीत नुसते खडक दिसतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सकाळी कोरड्या दिसणाऱ्या पात्रात मुलांना घेऊन उतरू नका. वर पाणी सुटलं की खाली पातळी बघता बघता चढते. पाऊस नाही, ढग नाही, मग पाणी कुठून वाढेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. गावातली माणसं त्या वेळेला पात्रात जात नाहीत. कुठे उतरायचं, कुठे नाही, हे तिथल्याच कोणाला तरी विचारावं. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

त्याच पाण्यावर पुढे डोलवहालचा बंधारा आहे. पावसाळ्यात जिल्ह्याचा पूर अहवाल रोज मोबाईलवर येतो, त्यात कुंडलिकेची पातळी लिहितात ती इथली. इशारा २३ मीटर, धोका २३.९५ मीटर. हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. रोहा आणि शेजारच्या माणगाव तालुक्यातला दुबार भात या कालव्यांवर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत काशीदला जाताना दोन्ही बाजूंना हिरवीगार लावणी दिसली तर ती या पाण्याची. पर्यटकाला हा नुसता देखावा वाटतो. पण त्यासाठी कालव्यातला गाळ आणि झुडपं वेळेत काढावी लागतात, गळती बुजवावी लागते, पाणी वेळेत सुटावं लागतं. ते लांबलं की रोप पिवळं पडतं, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना तर बहुतेक वर्षी वाटच बघावी लागते. त्या गावांतल्या कित्येकांनी उन्हाळी भात सोडून दिलाय. मुळशीचं पाणी परत पूर्वेकडे, भीमा खोऱ्याला द्या, अशी मागणी घाटावरून अधूनमधून होते. त्यांची तहानही खोटी नाही. पण तसं झालं तर उन्हाळ्यात कुंडलिकेचं काय उरेल, कालव्यात काय येईल, हा प्रश्न रोहेकरांनी आत्तापासून विचारायला पाहिजे.

राज्याभिषेकाची वाट याच नदीतून

रोहा आणि अष्टमी ही नदीच्या दोन काठांवरची दोन गावं, नगरपरिषद मात्र एकच. नाव रोहा-अष्टमी. ब्रिटिश काळापासून इथे नगरपालिका आहे. एवढ्याशा गावाला ती का मिळाली, तर तांदळामुळे. खाडीचं भरतीचं पाणी रोह्यापर्यंत चढतं. भरतीबरोबर होड्या वर यायच्या, भात-तांदूळ भरायच्या आणि ओहोटीबरोबर खाली रेवदंड्याकडे, तिथून मुंबईला. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी ही नदीच इथला हमरस्ता होती.

याचा सगळ्यात चांगला पुरावा १६७४ सालचा आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून निघाला. तो आधी चौलला आला, तिथून होडीने या नदीतून वर अष्टमीला उतरला आणि पुढे निजामपूरमार्गे पाचाड, रायगड असा गेला. त्याच्या नोंदीत अष्टमीचं नाव इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं, वेडंवाकडं लिहिलेलं आहे. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराची सवलत मिळवायला तो आला होता. ६ जूनच्या सोहळ्याचं त्याने केलेलं वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत सगळीकडे वापरतात, पण तो आपल्या अष्टमीच्या काठावर उतरला होता हे इथल्या शाळेत कोणी सांगत नाही. आता नदीचा काठ बांधून काढलाय, संध्याकाळी लोक फिरायला येतात. तिथे याचा एक साधा फलक लावायला फार खर्च येणार नाही.

गावातली दोन माणसं देशाला माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचं घर रोह्याचं. जन्म रायगडाजवळच्या नात्याचा, पण वडील रोह्यात वकिली करायचे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. दुसरे स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोह्याचाच. त्यामुळे स्वाध्यायी मंडळी लांबून इथे येतात.

ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. पालखी सगळं गाव फिरते, रात्रभर कोणी झोपत नाही. मुंबईला नोकरीला असलेला रोहेकर गणपतीला एकवेळ नाही आला तरी चालेल, पालखीला येतोच. बघायला यायचं तर याच दिवशी यावं, मात्र गाडी गावाबाहेर लावायची तयारी ठेवून.

अवचितगड

नदी आणि तिच्या काठची भातखाचरं एका नजरेत बघायची असतील तर अवचितगड चढावा. पिंगळसईकडून आणि मेढ्याकडून वाट आहे. उंची सुमारे तीनशे मीटर, पण झाडी दाट, त्यामुळे पायवाट चुकते. सोबत गावातला माणूस घ्या. वर पाण्याची टाकी आहेत, बारा कोनांचा तलाव आहे आणि बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे १७९६ सालचा शिलालेख आहे. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर खाली पिवळं पडलेलं भात आणि मधून वाकडीतिकडी कुंडलिका, असं दिसतं. त्यासाठी तरी जावं.

वरून धाटावची एमआयडीसीही दिसते. रासायनिक कारखाने आहेत, तालुक्यातल्या कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. सांडपाणी प्रक्रिया करून खाली खाडीत सोडलं जातं. खाडीत मासा राहिला नाही, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. जुने लोक खाडीतल्या माशांची नावं सांगतात, ती आता बाजारात ऐकू येत नाहीत. खाली खाडीकाठची खारबंदिस्ती फुटून खाऱ्या पाण्याखाली गेलेली शेतीही बघायला मिळते. सहलीच्या लेखात हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण नदी बघायला बोलवायचं तर पूर्ण दाखवावी.

मग फणसाड

रोह्यातून केळघरमार्गे मुरूडकडे जाता येतं, नाहीतर चणेऱ्याच्या बाजूने साळाव, रेवदंडा. तिथे कुंडलिका समुद्राला मिळते. एका बाजूला रेवदंड्याचा कोट, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला, दोन्ही पोर्तुगीजांचे. खाडीचं तोंड राखायला त्यांनी एवढा खटाटोप का केला, हे होड्यांचा व्यापार लक्षात घेतला की आपोआप समजतं.

फणसाड अभयारण्य जाहीर झालं १९८६ मध्ये. क्षेत्र साधारण ५४ चौरस किलोमीटर. जंजिऱ्याच्या नवाबाची ही शिकारीची जागा, म्हणून तोड झाली नाही आणि समुद्राला लागून एवढं जंगल टिकलं. बिबट्या आहे, पण तो दिसेल म्हणून जाऊ नका. शेकरू मात्र सकाळी शांत राहिलात तर दिसतो. गारंबीचे मनगटाएवढे जाड वेल झाडांवरून झाडांवर गेलेले असतात, तसे दुसरीकडे सहज बघायला मिळत नाहीत. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात, चिखलगाण वगैरे. उन्हाळ्यात प्राणी तिथेच येतात. सुपेगावच्या गेटवर नोंद करून, गाइड घेऊन सकाळी लवकर आत जावं. दुपारी बारा वाजता मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्याला तिथे पाचोळ्याशिवाय काही दिसत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं

रेल्वेने यायचं तर दिव्याहून रोह्याला लोकल पॅसेंजर गाड्या आहेत. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते, इथून वीरपर्यंतचा पहिला टप्पा १९९३ ला चालू झाला. तरी लांबच्या बऱ्याच गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्या. कोलाड दहा-बारा किलोमीटरवर आहे, एसटी आणि रिक्षा मिळतात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मागा. भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर जे कडवे वाल होतात, त्यांची चव वेगळीच. शेंगा भरल्या की जानेवारीच्या आसपास शेतावर पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि वरून जाळ. हॉटेलात मिळते ती पोपटी नव्हे. ओळखीच्या कोणाच्या शेतावर जमलं तर जमवा.

राफ्टिंग करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या पाणी सुटणार का ते विचारून घ्या, मुक्काम कोलाड-रोह्यात करा आणि सकाळी लवकर नदीवर जा. दुपारपर्यंत मोकळे होता, जेवून निघालात तर काशीदच्या समुद्रावर सूर्य मावळायच्या आत पोचता.